नागपुरात ओतलेले जिग, देवबागच्या वाळूवर

काम असं आहे : छोट्या होडीतून, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, पॉम्पॅनो माशासाठी वापरायचे शिशाचे जिग (गळ बसवलेली, दोऱ्याला बांधून पाण्यात सोडायची वजनं) घरीच ओतायचे. घर नागपुरात आणि समुद्र सासुरवाडीला. मेहुण्याची सोळा फुटी फायबरची होडी देवबागला असते, कर्ली नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी. २०२४च्या गणपतीत तिकडे गेलो होतो. पाच दिवसांत त्याचे विकतचे सात जिग गेले, एकेक २२० रुपयांचा. शिसं वितळवणं, साचा करणं, रंग भाजणं, या सगळ्याला लागणारा माल आणि माणसं नागपुरात हाताशी आहेत. म्हणून परत आल्यावर कामाला लागलो. कुणाला हेच करायचं असेल तर माझे वाया गेलेले रविवार त्याचे वाचावेत, म्हणून तारखा टाकून लिहून ठेवतोय.

आधी एक खुलासा. पॉम्पॅनो म्हणजे पापलेट नव्हे, दोघांची कुळं वेगळी. आपल्या किनाऱ्यावरचा सिल्वर पॉम्पॅनो म्हणजे ट्रॅकिनोटस ब्लोची. अंग चांदीसारखं, नाक बोथट, तोंड लहान आणि खालच्या बाजूला. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्रात २०११ मध्ये त्याची पैदास यशस्वी झाली, तेव्हापासून मत्स्यशेतीवाल्यांच्या तोंडी हे नाव जास्त येतं. आम्हाला तो मोकळ्या पाण्यातला, गळाला लागलेला हवा होता. हा मासा वाळूतल्या तिसऱ्या, शिंपले, बारीक कुरल्या खातो. म्हणजे जिगने वाळूवर टपकायचं आणि जरा धूळ उडवायची, एवढंच त्याचं काम. हे वाक्य मला पहिल्या दिवसापासून पाठ होतं. त्याचा अर्थ कळायला चार महिने गेले.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

इतवारीत लोहाओळीला भंगारवाल्याने शिसं १७० रुपये किलो सांगितलं. एका टायरवाल्याकडे चाकांची काढून टाकलेली वजनं ९० रुपये किलोने मिळाली. सहा किलो उचलली.

ही पहिली चूक. चाकाची सगळी वजनं शिशाची नसतात, काही जस्ताची असतात, काही लोखंडाची. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४२० च्या आसपास. आच बेताची ठेवली तर जस्ताचे तुकडे तसेच वर तरंगतात आणि पळीने काढून टाकता येतात. मी शेगडी पूर्ण मोठी केली आणि दुसरं काम करायला आत गेलो. परत येऊन पाहतो तर कढईत पातळ चकचकीत रसाऐवजी लापशी झालेली. शिशात जस्त मिसळलं की ते असंच गुठळ्या धरतं, साच्याच्या कोपऱ्यात उतरत नाही. चार किलो माल गेला.

उरलेल्या दोन किलोंचा एकेक तुकडा कटरने दाबून पाहिला. शिशात पातं सहज रुततं, जस्तावरून घसरतं. त्यातून जेमतेम सव्वा किलो शिसं निघालं. ज्याला वजनं घ्यायची असतील त्याने कटर खिशात घेऊनच दुकानात जावं.

बायकोने पहिल्याच दिवशी सांगितलं, "माझ्या सैपाकघरातलं एक भांडंही याला लागणार नाही." तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. कढई, पळी, शेगडी सगळं वेगळं ठेवलं. काम फक्त गच्चीवर, वाऱ्याला पाठ करून. वर येणारी राखाडी साय कोरडी झाडायची नाही, तिची धूळ अंगात जाते. ती झाकणाच्या डब्यात बंद करून ठेवतो. हातमोजे, मास्क, कामाचे कपडे वेगळे धुवायचे. घरात लहान मूल असेल तर हे नियम पाळता येणार आहेत का, ते आधी ठरवा आणि मगच शिसं आणा.

२९ सप्टेंबर

प्लास्टर ऑफ पॅरिसचा दोन भागांचा साचा केला. मेहुण्याकडून आणलेला एक जिग नमुना म्हणून घेतला : केळ्यासारखा बाक, एका टोकाला गळ, दुसऱ्या टोकाला दोरा बांधायची कडी. साचा बुधवारी ओतला, चार दिवस गच्चीवर उन्हात ठेवला. हाताला खडखडीत कोरडा लागत होता.

पहिली पळी ओतली आणि साच्याच्या तोंडातून शिसं उसळून बाहेर आलं. डाव्या मनगटावर हातमोजा संपतो तिथे दोन थेंब पडले. डोळ्यावर चष्मा होता म्हणून निभावलं.

कारण नंतर समजलं. प्लास्टर घट्ट होतं तेच पाणी धरून. वरचा ओलावा उन्हाने जातो, आतलं बांधलेलं पाणी जात नाही. तीनशेवर अंशांचं शिसं त्याला भिडलं की त्याची एकदम वाफ होते आणि ती समोरचं सगळं बाहेर फेकते. पाऊस नुकता मागे सरला होता, हवेतही दमटपणा होता, पण दोष हवेचा नाही. दोष माझ्या घाईचा.

आज काम बंद. मनगटाला मलम.

६ ऑक्टोबर

जुन्या ओव्हनमध्ये (हाही आता घरात येणार नाही) साचा हळूहळू तापवत दीडशे अंशांपर्यंत नेला, तीन तास ठेवला. मग मेणबत्तीवर धरून आतून काजळी चढवली. काजळी असली की धातू नीट पसरतो आणि ओतीव सुटून येतं. पहिले तीन तुकडे सुरकुतलेले आणि अर्धवट निघाले, कारण साचा थंड होता. ते परत कढईत टाकले. चौथ्यापासून साचा गरम झाला आणि माल स्वच्छ यायला लागला.

अकरा जिग झाले. चौदाव्या ओतणीला साच्याची कड तुटली. भाजलेलं प्लास्टर ठिसूळ होतं, त्याचं आयुष्य एवढंच. नमुना पक्का करण्यापुरता प्लास्टरचा साचा ठीक आहे. जास्त करायचे असतील तर त्याच्या नादी लागू नये.

वजन केलं : सगळे १४ ते १६ ग्रॅम. फार समाधान वाटलं. त्या वेळी माझं सगळं लक्ष वजनावरच होतं.

१३ ऑक्टोबर

काल दसरा. दीक्षाभूमीमुळे शहर भरून गेलं होतं, म्हणून कालच्या सुट्टीत करायचं काम आज केलं.

जिग पाण्यात कसा पडतो ते डोळ्यांनी बघायचं होतं. आधी कूलरच्या टबात बघितलं, पण तेवढ्या पाण्यात काही कळत नाही. शेजारी बांधकाम चालू आहे, त्यांचा जमिनीखालचा हौद आठ फूट खोल आणि भरलेला. मालकांना विचारून तळाशी आठ घमेली कन्हानची रेती धुऊन सोडली. पाणी निवळायला दोन दिवस गेले. मग बांबूला मोबाइल बांधला, जलरोधक पिशवीत, आणि तळापासून हातभर वर सोडला. तिथल्या चौकीदाराने विचारलं, "काय शोधून राहिले भाऊ?" सांगितल्यावर तो स्वतः बॅटरी धरून उभा राहिला, दोन तास. त्याच्याशिवाय ही चाचणी झाली नसती.

चित्रण पाहिलं आणि अकराच्या अकरा जिग बाद झाले.

साचा करताना मी नमुन्याचं पोट घासून सपाट केलं होतं, दोन भाग नीट बसावेत म्हणून. त्या सपाटीमुळे जिग पाण्यात झाडाच्या पानासारखा डुलत, तिरपा सरकत जात होता आणि रेतीवर आडवा, अलगद टेकत होता. एक कणसुद्धा उडत नव्हता. शेजारी मेहुण्याचा मूळ जिग सोडला : तो नाक खाली करून सरळ उतरला, रेतीत टोचला आणि लिंबाएवढा धुरळा उठला. वजन दोघांचं सारखंच.

आणखी एक. हिसका किती द्यायचा? हातभर वर उचलला की जिग तळापासून फार दूर जातो आणि दोरा सैल पडून स्वतःभोवती गुंततो. वीतभर उचलून सोडला की प्रत्येक वेळी नवा धुरळा. मी तोपर्यंत देवबागला हातभर हिसके देत होतो.

पडायला लागणारा वेळही मोजला. आठ फुटांना नाकावर पडणारा १५ ग्रॅमचा जिग साधारण अडीच सेकंद घेतो. हे आकडे वहीत लिहून ठेवले तेव्हा त्यांचा पुढे काय उपयोग होईल याची कल्पना नव्हती.

२० ऑक्टोबर

होडीत बसून हात बसवायला मौद्याच्या पुढच्या एका मामा (माजी मालगुजारी) तलावावर गेलो. तलाव मच्छीमार संस्थेकडे असतो, परवानगी घेतल्याशिवाय गळ टाकू नये. तिथल्या एका ढीवर काकांनी त्यांच्या डोंग्यात घेतलं. पेंचच्या जलाशयाचं काही जण सुचवतात, पण ते व्याघ्र प्रकल्पाचं पाणी आहे, तिथे मासेमारीला बंदी आहे. तिकडे वळूच नका.

दिवस वाया गेला असं मी त्या संध्याकाळी लिहिलं होतं, ते आता खोडतो. तळ काळ्या मातीच्या चिखलाचा. जिग पडला की रुततो, वर घेताना गाळाचा गोळा घेऊन येतो. तळाला लागल्याचा ठोका हाताला येतच नाही, दोरा नुसता सैल होतो. काका म्हणाले, "हाताले कळत नसन तं दोऱ्याकडे पाह्य." ते दोरा पाण्यात शिरतो त्या जागी बघत होते. जिग उतरत असतो तोवर दोरा सरकत असतो. थांबला की तळ आला. एवढं साधं. मी रॉडच्या टोकाकडे बघत बसलो होतो.

डोंग्यात उभं राहायचं नाही, गुडघे वाकवून बसूनच गळ टाकायचा, हेही तिथेच शिकलो. मासा म्हणाल तर एक बोटभर शिंगूर तेवढा अडकला, तो परत सोडला.

२७ ऑक्टोबर ते १७ नोव्हेंबर

ॲल्युमिनियमचा साचा हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये करून घेतला. चार खाचा : १०, १५, १५ आणि २० ग्रॅम. शिशाची घनता ११.३४, म्हणजे १५ ग्रॅमला सव्वा घन सेंटिमीटरहून थोडी जास्त जागा लागते. हा हिशेब आधी करून दिला. पोट गोल, नाक जाड, शेपटी निमुळती. वजनाचा साठ टक्के भाग पुढच्या अर्ध्यात. ३२०० रुपये घेतले. दिवाळीमुळे दोन आठवडे उशीर झाला.

साचा आला तेव्हा गळाच्या दांड्याची खाच जरा उथळ निघाली, दोन भागांत फट राहून शिशाचे पापुद्रे यायला लागले. वर्कशॉपवाल्याकडे परत न नेता गोल कानशीने मीच खोल केली. एकेका खाचेला अर्धा तास. कानशीचा एक फटका जास्त झाला असता तर साचा गेला असता, म्हणून मार्करने रंगवून, गळ दाबून, रंग जिथे खरवडला जातो तेवढंच घासत गेलो.

१७ तारखेला एका दुपारी ४८ जिग ओतले. साच्यावर काजळी, साचा आधी गरम, शेगडी मध्यम. लोहाओळीतूनच १७० रुपयेवालं पाच किलो स्वच्छ शिसं आणलं होतं. टायरवाल्याकडे वाचवलेले पैसे कुठे गेले ते वर लिहिलंच आहे.

हौदात परत चाचणी. चौकीदार आता स्वतःच बॅटरी घेऊन आला. १५ ग्रॅमचा आणि २० ग्रॅमचा, दोन्ही नाकावर पडले. धुरळा उठला. त्या चित्रणाचा तुकडा मी किती वेळा पाहिला असेन!

१ डिसेंबर

रंग. आधी नेलपॉलिश लावून पाहिलं होतं, रेतीवर वीस वेळा आपटल्यावर टवके उडाले. ऑइलपेंटही तसाच. मग पावडरचा रंग, पंखे-कपाटांना देतात तो. पावडर कोटिंगवाल्याने पिवळा आणि गुलाबी, उरलेला थोडा थोडा दिला.

पद्धत : जिग चिमट्यात धरून गरम करायचा, पावडरीत बुडवून लगेच काढायचा, मग ओव्हनमध्ये १८० अंशांना वीस मिनिटं भाजायचा. शिसं वितळायला अजून बराच अवकाश असतो, त्यामुळे आकार बिघडत नाही. माझे पहिले सहा जिग फार तापले होते, पावडर ढेकळासारखी चिकटली आणि कडीचं भोक बुजलं. बुजलेलं भोक टाचणीने फोडताना रंगाला चीर जाते. म्हणून बुडवायच्या आधी भोकात तांब्याची तार घालून ठेवतो आणि भाजून झाल्यावर ओढून काढतो.

८ डिसेंबर

दुसरा, मोकळा गळ. मूळ जिगला कडीपाशी एक छोटा गळ लटकलेला असतो, त्यावर नायलॉनचे पांढरे-गुलाबी तंतू बांधलेले. बाजारातून स्वस्तातले शंभर गळ ४०० रुपयांना आणले होते. मिठाच्या पाण्यात दोन दिवस बुडवून ठेवले तर तांबूस झाले, टोकं बोथट. सगळे बाजूला. नंतर चांगल्या मुलाम्याचे, १ नंबरचे, दोनशे गळ ९५० रुपये शेकड्याने घेतले. पॉम्पॅनोचं तोंड लहान आहे, मोठा गळ लावण्यात अर्थ नाही.

मिठाच्या पाण्याची परीक्षा गळ विकत घेतल्या दिवशीच करावी. ओतून, रंगवून झाल्यावर गळ गंजका निघाला तर जिगच जातो, कारण एक गळ शिशात रुतलेला असतो. माझे असे नऊ गेले.

१७ जानेवारी २०२५, देवबाग

बुधवारच्या नागपूर–मडगाव गाडीने निघालो, काल कुडाळला उतरलो. नंतर ओतलेले धरून पिशवीत ७४ जिग.

आज संकष्टी. कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे : तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती, नवाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. आम्ही साडेसातला मुखाशी पोचलो तेव्हा पाणी जोरात बाहेर धावत होतं. पौर्णिमा होऊन चार दिवसच झालेले, उधाणाचा जोर उतरला नव्हता.

१५ ग्रॅमचा जिग तळाला लागेना. दोरा धनुष्यासारखा ताणून वाहत जाई. २० ग्रॅमचा एकदा टेकायचा आणि मग फरफटत जायचा. मी घाईघाईने परत परत टाकत होतो. मेहुणा सुकाणूवरून म्हणाला, "भावोजी, घाई करू नकात. तळाक लागांदे." पण लागणार कसा? होडी एका वेगाने, खालचं पाणी दुसऱ्या वेगाने. पाण्याखालच्या कुठल्यातरी तुटक्या जाळ्यात पाच जिग गेले. शिसं समुद्रात सोडून येणं मला मनापासून खटकतं, म्हणून साडेनवाला दोघांनी ठरवून थांबवलं. उधाणात नदीच्या मुखावर पंधरा-वीस ग्रॅम घेऊन जायचं नाही, हे आजचं शिक्षण. जास्त वजन लावता येईल, पण मग त्या लहान तोंडाला तो घास उरत नाही.

१८ ते २० जानेवारी

१८ : गाठ सुटली. विणलेल्या दोऱ्याला पुढे मीटरभर फ्लुरोकार्बन तंगूस जोडतो. मी दोन्ही बाजूंना तीनच वेढे दिले होते. विणलेला दोरा गुळगुळीत असतो, तीन वेढ्यांत सटकतो. त्याच्या बाजूला सहा-सात वेढे दिले आणि गाठ ओली करून आवळली, मग टिकली. दोन जिग आणि काहीतरी चांगलं वजनदार गेलं. काय होतं ते दिसलं नाही.

१९ : गळाला सुंगटाचा (कोळंबीचा) तुकडा लावून पाहिला. अंग फुगवणारे छोटे मासे तुटून पडले. त्यांचे दात कात्रीसारखे, चार जिग तंगुसासकट कापून नेले. गणपतीत गेलेले सातही बहुतेक यांनीच नेले असावेत. पॉम्पॅनोला असे दात नसतात. जिथे हे मासे लागतील तिथे आमिष काढून नुसता जिग टाकावा किंवा जागा बदलावी. तार लावली तर कापलं जाणार नाही, पण मग पॉम्पॅनोही जवळ येईल असं मला वाटत नाही.

२० : दुपारी गेलो, चूक झाली. खारे वारे सुटले की होडी भराभर वाहते आणि जिग मागे राहतो. पोत्याला दोरी बांधून मागे सोडलं, वेग कमी झाला पण होडी आडवी फिरायला लागली. लाटा बाजूने लागायला लागल्यावर परतलो. लाइफ जॅकेट दोघांच्या अंगात होतं. ते काढून बाकावर ठेवायची सवय तिकडे बऱ्याच जणांना आहे. मेहुण्यालाही होती, आता नाही.

२१ जानेवारी

सप्तमी. भांगाचं पाणी, ओढ नावापुरती. ओहोटी साडेअकराच्या आसपास संपणार. सकाळी मतलई वारा जमिनीकडून हळू येत होता. सात वाजता निघालो, मुखाच्या आत वाळूचा पट्टा खोल पाण्याला भिडतो त्या कडेवर होडी सोडून दिली. इंजिन बंद. दोन वाव, म्हणजे बारा फूट पाणी. होडी माणूस रमतगमत चालतो त्या वेगाने वाहत होती.

पिवळा, १५ ग्रॅम. टाकला, दोऱ्याकडे पाहिलं आणि मोजायला लागलो. चारला दोरा थांबला आणि हाताला बारीक, कोरडा ठोका आला. वाळू. चिखलाचा नाही, जाळ्याचा नाही. हौदात ऐकू येत नव्हता तो ठोका, पण तोच होता. वीतभर उचलला, सोडला. ठोका. परत उचलला. ठोका. आता डोळे मिटूनसुद्धा खाली काय होतंय ते दिसत होतं.

अर्धा तास काही नाही. एक बारीक तांबोशी लागली, सोडली. पावणेनवाला असाच एकदा जिग टाकून मोजत होतो : एक, दोन, तीन... आणि दोरा तीनलाच थांबला. तळ चारला आहे. एवढंच डोक्यात आलं आणि रॉड वर घेतला.

मासा सरळ खाली गेला नाही, आडवा धावला. मग होडीखालून दुसऱ्या बाजूला. मेहुणा म्हणाला, "ओढू नकात, धावांदे." पाच-सहा मिनिटं. वर आला तेव्हा आधी एक रुंद चांदीची थाळी पाण्यात आडवी झाल्यासारखी दिसली, मग पोटाकडची पिवळी छटा. ताणकाट्यावर साडेसहाशे ग्रॅम. शिशातला गळ मोकळाच होता. कडीपाशी लटकलेला छोटा गळ वरच्या ओठात बसला होता.

साडेदहापर्यंत आणखी दोन. एक चारशे ग्रॅमचा, एक तळहाताएवढा, तो परत पाण्यात. तिन्ही वेळा दोरा तळ यायच्या आधीच सैल पडला होता. म्हणजे हे मासे खालून उचललेल्या जिगला नव्हे, पडणाऱ्याला घेत होते. मोजत नसतो तर तिन्ही निसटले असते.

घरी सासूबाईंनी साफ करायच्या आधी मी मोठ्याच्या घशात बोट घालून पाहिलं. ओठांशी दात नाहीतच, पण आत घशात खडबडीत, टणक गाद्या लागतात, जात्याच्या पाळीसारख्या. पोटात तिसऱ्यांच्या कवचांचा चुरा होता, नखाएवढे तुकडे, काहींवर जांभळट रेघा अजून स्पष्ट. तो चुरा मी धुऊन कागदात बांधून नागपूरला आणला आहे.

२६ जानेवारी, नागपूर

हिशेब, ज्याला करायचं आहे त्याच्यासाठी. शिसं वाया गेलेलं धरून १३९० रुपये, प्लास्टर १२०, ॲल्युमिनियमचा साचा ३२००, गळ गंजके धरून २३००, रंगाची पावडर २५०, तंतू आणि बांधायचा धागा १८०, कढई-पळी ४५०, हातमोजे आणि मास्क ३८०. एकूण ८२७० रुपये, चांगले जिग ७४. एक पडला ११२ रुपयांना. साचा आणि भांडी आता हातात आहेत, त्यामुळे पुढचा एक सव्वीस-सत्तावीस रुपयांत होईल, त्यातले एकोणीस नुसते गळांचे. गाडीभाडं यात धरलेलं नाही. चार महिन्यांतले अकरा रविवार गेले, त्यातले चार चुका निस्तरण्यात.

देवबागला एकूण अकरा जिग हरवले. बाकीचे मेहुण्याकडे ठेवून आलो, ज्याने मासे दिले तो पिवळा तेवढा परत आणला.

आज तो भिंगाखाली धरला. पोटावरचा, पाठीवरचा रंग शाबूत आहे. फक्त नाकावर, ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत, रंग पार घासून गेलाय आणि आतलं शिसं चमकतंय. बाजूला एक ओरखडाही नाही. म्हणजे त्या सकाळी तो प्रत्येक वेळी नाकावरच पडला. पुढच्या घाण्यात नाकाला पावडरचे दोन थर देऊन दोनदा भाजणार आहे. गुलाबी संपली, फिकट वाळूच्या रंगाची मिळते का ते हिंगण्याला विचारायचं आहे.